नाव कोणत्या वहीत आहे?

मागच्या महिन्यात या सदरात जिनिव्हा करारांवर एक लहानसं टिपण लिहिलं होतं. युद्धात हाती आलेल्या माणसाला मारायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही, त्याची खबर त्याच्या घरी पोचवायची, एवढंच त्यात होतं. त्यावर भरपूर पत्रं आली आणि बहुतेकांचा सूर एकच: हे सगळं पुस्तकात ठीक आहे, पण सरकारनंच नियम मोडले तर सरकारला जाब विचारायचा कोणी? काही पत्रं रागावलेली आहेत, त्यातली एकदोन माझ्यावर. त्यांनाही जागा दिली आहे. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न: इराकमधल्या अबू ग्रैबच्या तुरुंगात अमेरिकी सैनिक कैद्यांचे हाल करतानाचे फोटो मी २००४ साली वर्तमानपत्रात पाहिले. पुढे काही सैनिकांना शिक्षा झाल्याचं वाचलं. मी शाळेत मुख्याध्यापिका होते. वर्गात काय चाललंय ते मला कळत नाही असं मी म्हणाले असते तर संस्थेनं मला दारात उभं केलं नसतं. एवढा प्रकार वरच्यांना कळल्याशिवाय होतो का?

झालं ते क्रमानं सांगते. त्या तुरुंगावरच नेमणुकीला असलेल्या जो डार्बी नावाच्या सैनिकानं जानेवारी २००४ मध्ये फोटोंची सीडी लष्कराच्या गुन्हे तपास विभागाकडे दिली. मेजर जनरल अँटोनियो टगुबांनी चौकशी करून अहवाल लिहिला. २८ एप्रिलला फोटो अमेरिकेत टीव्हीवर दिसले आणि मग सगळ्या जगानं पाहिले. अकरा सैनिक दोषी ठरले. सर्वांत मोठी शिक्षा चार्ल्स ग्रेनरला, दहा वर्षांची.

आता एकेक पायरी वर चढा. तुरुंगांचा कारभार ज्यांच्याकडे होता त्या ब्रिगेडियर जनरल जॅनिस कार्पिन्स्कींना एक हुद्दा खाली उतरवून कर्नल केलं. गुप्तवार्ता विभागाचे कर्नल थॉमस पॅपस यांना ताशेरे आणि आठ हजार डॉलर दंड. कोर्ट मार्शलपर्यंत गेलेले अधिकारी एकच, लेफ्टनंट कर्नल स्टीव्हन जॉर्डन. छळाच्या आरोपांतून ते सुटले. चौकशीबद्दल कोणाशी बोलू नका हा आदेश मोडला, एवढाच ठपका राहिला होता, तोही २००८ मध्ये पुसला गेला. त्याच्या वर कोणी नाही.

वरच्यांना ठाऊक होतं का, हे कोणाच्या मनात शिरून कळत नाही. मी वकिली करत होते तेव्हा कोठडीतल्या माणसासाठी अर्ज करायचा झाला, की पहिल्यांदा स्टेशन डायरी मागवत असे. माणूस आत कधी आला, कोणी आणला, सही कोणाची. त्याला मारलं का, हा प्रश्न नंतरचा. ज्याची नोंदच नाही त्याला कोणी मारत नाही, कारण तो तिथे नसतोच. युद्धातही हेच चालतं, म्हणून १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात नोंदींबद्दल इतकं बारकाईनं लिहिलेलं आहे. कैदी छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत त्याला घरी कार्ड पाठवू द्यायचं (कलम ७०). प्रत्येक देशानं कैद्यांची माहिती ठेवणारं कार्यालय उघडायचं (कलम १२२). ही कल्पना काही हवेतून आलेली नाही. पहिल्या महायुद्धात रेड क्रॉसच्या जिनिव्हातल्या कचेरीत सुमारे सत्तर लाख कार्डं जमली होती, वीस लाखांवर कैद्यांची. स्वयंसेवक, त्यात बायका पुष्कळ, ती हातानं लावत बसत.

अबू ग्रैबमध्ये काही कैदी या नोंदीबाहेर ठेवले होते. रेड क्रॉसचे लोक भेटीला आले की त्यांना इकडून तिकडे हलवायचं. टगुबांच्या अहवालात हे स्पष्ट लिहिलं आहे आणि ते आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग असल्याचंही म्हटलं आहे. मनादेल अल-जमादी त्यांतलाच एक. नोव्हेंबर २००३ मध्ये सीआयएच्या ताब्यात, त्याच तुरुंगात मेला. शवविच्छेदनानंतर मृत्यूची नोंद मनुष्यवध अशी झाली. प्रेताला बर्फ लावून ठेवलं होतं आणि त्याच्याशेजारी अंगठा वर करून हसणाऱ्या सैनिकांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. त्या फोटोतल्या सैनिकांवर इतर प्रकरणांत खटले झाले. त्याच्या मृत्यूबद्दल कोणीही तुरुंगात गेलं नाही. आणि जून २००४ मध्ये खुद्द संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी पत्रकारांसमोर कबूल केलं, की सीआयए प्रमुखांच्या विनंतीवरून इराकमधल्या एका कैद्याची नोंद करू नका असं आपणच सांगितलं होतं. कबुली आणखी कशी हवी?

कागद याहून जुने आहेत. ७ फेब्रुवारी २००२ ला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सही करून ठरवलं, की जिनिव्हा करारांचं संरक्षण अल कायदाच्या कैद्यांना नाही. १ ऑगस्ट २००२ ला न्याय खात्याच्या वकिलांनी छळाची व्याख्या इतकी आवळली, की अवयव निकामी होताना होते तितकी वेदना झाल्याशिवाय तो शारीरिक छळच नव्हे. माझ्याच व्यवसायातल्या माणसांचं हे लिखाण. ते वाचताना मला फोटोंपेक्षा जास्त लाज वाटली. आणि २ डिसेंबर २००२ च्या मेमोवर, ज्यात क्यूबामधल्या ग्वांतानामो या अमेरिकी तळावरच्या कैद्यांना चार तासांपर्यंत उभं ठेवायला परवानगी होती, रम्सफेल्ड यांनी सहीखाली हातानं लिहिलं: मी तर दिवसाला आठ-दहा तास उभा असतो, मग चारच तास का? मेमो सहा आठवड्यांत मागे घेतला, पण तोवर पद्धती पसरल्या होत्या. सिनेटच्या संरक्षण समितीनं २००८ मध्ये एकमुखानं निष्कर्ष काढला, की अबू ग्रैब हे चार बहकलेल्या सैनिकांचं एकट्याचं काम नव्हतं.

मग खटला का नाही? वकिलांचा सल्ला घेऊन केलं, हा बचाव २००५ च्या कायद्यात घालून दिला गेला. २००६ मध्ये युद्धगुन्ह्यांचा कायदाच बदलला आणि बदल १९९७ पासून लागू केला, म्हणजे मागच्या तारखेनं. २०१२ मध्ये सरकारी वकील जॉन ड्यूरम यांनी सीआयएच्या ताब्यातले मृत्यू तपासून फाइल बंद केली. कोणावरही आरोप नाही.

मुख्याध्यापिकाबाई, तुमच्या संस्थेचा नियम युद्धाच्या कायद्यातही आहे. जपानी सेनापती यामाशितांना अमेरिकेनं फेब्रुवारी १९४६ मध्ये फाशी दिलं. त्यांनी अत्याचारांचा हुकूम दिल्याचा पुरावा नव्हता. हाताखालच्यांना आवरण्याचं कर्तव्य चुकले, हा आरोप पुरला. तेव्हा अमेरिकी सुप्रीम कोर्टातल्या दोन न्यायमूर्तींनी विरोधात निकालपत्र लिहून बजावलं होतं, की हाच निकष उद्या आपल्या सेनापतींनाही लावला जाईल. ते दोघं अल्पमतात होते आणि त्यांची भीती अजून तरी अनाठायी ठरली आहे.

प्रश्न: मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. युद्धकैदी आणि नुसता 'स्थानबद्ध' यात फरक काय? ग्वांतानामोतले लोक कोणत्या खान्यात बसतात?

परीक्षेपुरतं उत्तर: शत्रूच्या सैन्यातला माणूस युद्धकैदी, त्याला तिसरा करार. सामान्य नागरिक, त्याला चौथा. आणि जो कोणत्याच खान्यात नीट बसत नाही त्यालाही चारही करारांत सारखंच असलेलं कलम ३ लागू आहेच: क्रूरता नाही, मानहानी नाही, रीतसर न्यायालयाशिवाय शिक्षा नाही. रिकामा खाना ठेवलेलाच नाही.

परीक्षेत सहसा विचारत नाहीत ते कलम ५ वाच. पकडलेला माणूस युद्धकैदी आहे की नाही अशी शंका असेल, तर सक्षम न्यायाधिकरण निर्णय देईपर्यंत त्याला युद्धकैदीच मानायचं. अमेरिकी लष्कराला हे नवीन नव्हतं. १९९१ च्या आखाती युद्धात त्यांनी अशा १,१९६ सुनावण्या घेतल्या होत्या. ११ जानेवारी २००२ ला ग्वांतानामोत पहिले कैदी उतरले तेव्हा एकही घेतली नाही. जागाही विचार करून निवडली होती. क्यूबाकडून १९०३ पासून भाड्यानं घेतलेला तळ, म्हणजे अमेरिकेचा ताबा पूर्ण, पण अमेरिकी न्यायालयांचा हात पोचणार नाही अशी अटकळ. ती अमेरिकी सुप्रीम कोर्टात, २००४ च्या रसूल खटल्यात चुकली. त्याच दिवशी हमदी खटल्यात न्यायमूर्ती ओकॉनर यांनी लिहिलं, की युद्धस्थिती म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिलेला कोरा चेक नव्हे. २००६ मध्ये हमदान खटल्यात कलम ३ लागू ठरलं, २००८ मध्ये बूमेदियन खटल्यात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे अटकेला न्यायालयात आव्हान देण्याचा हक्क. एकूण ७८० च्या आसपास माणसं तिथे गेली, २०२५ च्या जानेवारीत पंधरा उरली होती. बहुतेक जण कोणत्याही खटल्याविना सुटले. हे चार निकाल मुळातून वाच, गाइडमधून नको.

तुझ्या पत्रातला दुसरा प्रश्न, रेड क्रॉस सगळं पाहूनही बोलत का नाही. कारण आत जाऊ देण्याची किंमत मौन ही आहे. त्यांचे अहवाल फक्त त्या सरकारला जातात. इराकबद्दलचा फेब्रुवारी २००४ चा अहवाल फुटला म्हणून आपल्याला कळलं, की पकडलेल्यांपैकी ७० ते ९० टक्के चुकून पकडले गेले असा लष्करी गुप्तवार्ता अधिकाऱ्यांचाच अंदाज होता.

प्रश्न: चौकशी आयोग म्हणजे प्रकरण बासनात गुंडाळण्याची सोय. तुमचं मत काय?

पुष्कळदा तसंच असतं. पण एक उदाहरण सांगते, त्यावर तुम्हीच ठरवा.

सप्टेंबर २००३. इराकमधल्या बसरा शहरातल्या हॉटेलात स्वागतकक्षात काम करणारा बहा मूसा नावाचा तरुण ब्रिटिश सैन्यानं पकडला. दोन दिवसांत तो मेला. अंगावर ९३ जखमा. सात जणांवर कोर्ट मार्शल चाललं आणि एका कॉर्पोरलला एक वर्षाची शिक्षा झाली, तीही त्यानं स्वतः गुन्हा कबूल केला म्हणून. इथे प्रकरण संपलं असतं. पण घरच्यांनी आणि त्यांच्या वकिलांनी सोडलं नाही, आणि सर विल्यम गेज यांचा चौकशी आयोग बसला. त्यांचा अहवाल सप्टेंबर २०११ मध्ये आला.

मूसाच्या डोक्यावर गोणपाटी टोपडी घातली होती आणि त्याला अवघड अवस्थेत ताटकळत ठेवलं होतं. हे प्रकार ब्रिटिश सरकारनं पूर्वीच बंद केले होते. उत्तर आयर्लंडमधल्या स्थानबद्धांवर १९७१ मध्ये पाच पद्धती वापरल्या गेल्या होत्या: डोकं झाकणं, भिंतीशी उभं करणं, सतत कर्कश आवाज, झोप न देणं, अन्नपाणी तोडणं. बोभाटा झाल्यावर पंतप्रधान हीथ यांनी मार्च १९७२ मध्ये संसदेत उभं राहून सांगितलं, की यापुढे हे होणार नाही. आयोगानं विचारलं, मग २००३ मधल्या सैनिकांना हे ठाऊक का नव्हतं? शोध घेतल्यावर दिसलं, की ती बंदी प्रशिक्षणातून आणि पुस्तिकांतून हळूहळू गळून गेली होती. कोणी ती रद्द केली नव्हती. कोणी पुढच्या आवृत्तीत घातलीही नव्हती. आयोगानं याचा ठपका संरक्षण खात्यावर संस्था म्हणून ठेवला.

शिक्षेच्या दृष्टीनं आयोगाच्या हाती काही लागलं नाही, हे खरं. पण कोर्ट मार्शलनं एका कॉर्पोरलपाशी थांबवलेला प्रश्न त्यानं खात्याच्या कपाटापर्यंत नेला. आयोग चांगला की वाईट हे मी एका गोष्टीवरून ठरवते: त्याला कागद मागवण्याचा आणि साक्षीदाराला शपथेवर बसवण्याचा अधिकार दिला आहे का. तो नसेल तर तुमचं म्हणणं मान्य.

प्रश्न: मॅडम, मी निवृत्त सुभेदार. कारगिलमध्ये कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या पाच जवानांचं काय केलं ते साऱ्या देशाला माहीत आहे. समोरचा नियम पाळत नाही आणि तुम्ही आमचेच हात बांधता. लेख वाचून संताप आला.

सुभेदारसाहेब, त्या सहा जणांचे देह ९ जून १९९९ ला परत मिळाले तेव्हा त्यांच्यावरच्या जखमांचं वर्णन ज्यानं वाचलं त्याला संताप यायलाच हवा. माझं म्हणणं एवढंच, की तो बरोबर ठिकाणी पोचावा. युद्धकैद्यांवर सूड उगवायला करारात बंदी आहे, कलम १३. पण कलम १२९ ही आहे: करारातल्या प्रत्येक देशानं असे गुन्हे करणाऱ्यांना शोधून त्यांच्यावर खटला चालवायचा, नाहीतर खटला चालवणाऱ्या देशाच्या हवाली करायचं. पाकिस्ताननं तो चालवला नाही, गुन्हाच नाकारला. तुमची तक्रार ही आहे, आणि ती शंभर टक्के खरी आहे.

मग हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात का नाही गेलो? कॅप्टनच्या वडिलांनी यासाठी सुप्रीम कोर्टाचं दार ठोठावलं. अडचण आपल्याच घरातली आहे. त्या न्यायालयाचा अधिकार मान्य करताना भारतानं बऱ्याच गोष्टी वगळून ठेवल्या आहेत, त्यांतल्या दोन इथे आड येतात: राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद आणि युद्धाशी संबंधित वाद. ऑगस्ट १९९९ मध्ये पाकिस्तानचं नौदलाचं विमान आपण पाडलं आणि पाकिस्ताननं आपल्यालाच हेगला खेचलं, तेव्हा जून २००० मध्ये आपण यातल्या राष्ट्रकुलाच्या अटीवर सुटलो. जे दार आपण घट्ट लावून घेतलं ते आपल्यालाही बंदच आहे. आपल्या सरकारला हा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही. तुम्ही विचारा. निवृत्त सुभेदारानं विचारलेला प्रश्न माझ्यासारखीनं विचारलेल्यापेक्षा जास्त ऐकला जाईल.

हात बांधण्याबद्दल. १९७१ मध्ये सुमारे ९३,००० जण आपल्या ताब्यात आले, त्यात नागरिकही होते. त्यांना करारानुसार वागवल्याचा लष्कराला आजही अभिमान आहे, आणि तो असावा. (लढाई थांबल्यावर विनाविलंब सोडावं, असं कलम ११८ म्हणतं आणि शेवटचे कैदी परतले एप्रिल १९७४ मध्ये. शरणागती भारत-बांगलादेशच्या संयुक्त सेनेपुढे झाली, म्हणून बांगलादेशची संमती लागेल, ही आपली बाजू होती. मला ती कधीच पुरती पटलेली नाही. रागवायचं तर यावर रागवा.) फेब्रुवारी २०१९ मध्ये विंग कमांडर अभिनंदन यांचे व्हिडिओ पलीकडून फिरवले गेले, तेव्हा कैद्याचा तमाशा करता येत नाही असं आपण ठणकावून सांगितलं. तेही कलम १३ च. आपण ते मोडलेलं असतं तर कोणत्या तोंडानं सांगितलं असतं?

प्रश्न: परदेशांबद्दल लिहिणं सोपं आहे. भारत सरकारला कोण विचारणार?

टोमणा मान्य. आपल्याकडे जिनिव्हा करार कायदा १९६० सालचा आहे. त्याच्या कलम १७ प्रमाणे, सरकारनं किंवा सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यानं तक्रार केली तरच न्यायालय या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल घेऊ शकतं. म्हणजे सरकारनं सरकारविरुद्ध तक्रार करायची! सुप्रीम कोर्टापुढे हा मुद्दा गोव्यातल्या मोंतेरो नावाच्या धर्मगुरूंच्या खटल्यात आला. १९६९ मध्ये मुख्य न्यायमूर्ती हिदायतुल्लांनी लिहिलं, की हा कायदा उल्लंघनाला शिक्षा सांगून अप्रत्यक्ष संरक्षण देतो, पण तो अमलात आणा म्हणून न्यायालयात येण्याचा हक्क कोणाला देत नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर आपण १९९७ मध्ये सही केली, मंजुरी अजून दिलेली नाही. त्यासाठीचं विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि पुढे बारगळलं. घटनेचं कलम २१ आणि हेबियस कॉर्पस हेच आपले खरे आधार, आणि युद्धकाळात तेच पहिल्यांदा पातळ होतात.

ते किती पातळ होतात ते १९६२ मध्ये दिसलं. चीनशी युद्ध झाल्यावर आसाम आणि बंगालमधून चिनी वंशाची तीन हजारांच्या आसपास माणसं उचलली आणि राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेली. म्हातारी, बायका, शाळकरी मुलं. अनेकांचा जन्म इथला, चीन कधी पाहिलेलाही नाही. परदेशी नागरिकांच्या कायद्यात तेव्हा बदल करून असं ठरवलं, की आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणी शत्रुदेशाचे असले तरी पुरे. सैनिक एकही नव्हता, हेरगिरीचा खटला नव्हता. लढाई महिनाभरात संपली, काही कुटुंबं वर्षानुवर्षं आत राहिली. बाहेर आलेल्यांना घरं-दुकानं मिळाली नाहीत. बरेच जण चीनला पाठवले गेले, पुष्कळ पुढे कॅनडात गेले. आणि देवळी ही तीच छावणी, जिथे इंग्रजांनी १९४०-४१ मध्ये कॉम्रेड डांगे आणि जयप्रकाश नारायण यांना विनाचौकशी डांबलं होतं. सरकार बदललं, तारांचं कुंपण वारशानं मिळालं.

आजवर कोणत्याही सरकारनं या लोकांची माफी मागितलेली नाही. विरोधी पक्षांनीही मागणी लावून धरलेली नाही, कारण यात मतं नाहीत.

प्रश्न: साठ-सत्तर वर्षांपूर्वीची मढी उकरून कोणाचं भलं होतं? साक्षीदार मेले, गुन्हेगार मेले.

केनियातल्या खटल्याचं ऐका. ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या माउ माउ उठावाच्या काळात ब्रिटिशांनी हजारो केनियन लोकांना छावण्यांत कोंडलं. मार्च १९५९ मध्ये होला छावणीत अकरा कैदी मारून टाकले आणि सुरुवातीला सांगितलं, की पाणी पिऊन मेले. त्याआधी दोन वर्षं, छावण्यांत मारहाणीला मुभा कशी द्यायची यावर पत्रव्यवहार चालला असताना, वसाहतीचे महाधिवक्ता ग्रिफिथ-जोन्स यांनी गव्हर्नरला लिहिलं होतं: पाप करायचंच असेल तर गुपचूप करायला हवं.

२००९ मध्ये काही वृद्ध केनियन लंडनच्या उच्च न्यायालयात गेले. सरकारनं तुमचाच मुद्दा मांडला: फार उशीर झाला. इतकंच नाही, दायित्व स्वातंत्र्याबरोबर केनिया सरकारकडे गेलं असाही दावा केला. खटला चालू असतानाच, २०११ मध्ये, परराष्ट्र खात्याला मान्य करावं लागलं, की ३७ जुन्या वसाहतींच्या ८,८०० च्या आसपास फायली हॅन्स्लोप पार्क इथल्या सरकारी आवारात ठेवलेल्या आहेत. वसाहती सोडताना निवडून मायदेशी नेलेल्या. न्यायमूर्ती मॅककोंब यांनी २०१२ मध्ये निकाल दिला, की वसाहतीतले अधिकारी नोंदी ठेवण्यात इतके चोख होते, की आजही न्याय्य सुनावणी शक्य आहे. ६ जून २०१३ ला परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी संसदेत खेद व्यक्त केला आणि ५,२२८ जणांसाठी खर्चासह १ कोटी ९९ लाख पौंडांची तडजोड जाहीर झाली.

अमेरिकेतही असंच. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत घातलं आणि निष्ठावंत कोण ते तपासायला वेळ नव्हता, ती लष्करी गरज होती, असं सुप्रीम कोर्टात सांगितलं. पश्चिम किनाऱ्याच्या सेनापतींचा मूळ अहवाल वेगळंच बोलत होता: वेळ नव्हता म्हणून नव्हे, या लोकांत निष्ठावंत कोण ते ओळखताच येणार नाही म्हणून. त्या मसुद्याच्या प्रती जाळल्या होत्या. अठराव्या वर्षाच्या आसपास स्वतः छावणीत गेलेल्या आयको हर्झिग-योशिनागा या संशोधक बाईंना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय अभिलेखागारात त्याची वाचलेली एक प्रत सापडली. छावणीत जायला नकार दिलेल्या फ्रेड कोरेमात्सूंची जुनी शिक्षा १९८३ मध्ये रद्द झाली, १९८८ मध्ये कायदा होऊन हयात असलेल्या प्रत्येकाला माफीचं पत्र आणि वीस हजार डॉलर मिळाले.

अबू ग्रैबचंही अगदीच काही झालं नाही असं नाही. तिथल्या तीन इराक्यांनी, एक शाळेचे मुख्याध्यापक, एक पत्रकार, एक फळविक्रेता, चौकशीसाठी माणसं पुरवणाऱ्या सीएसीआय या खासगी कंपनीवर २००८ मध्ये दावा लावला. नोव्हेंबर २०२४ मध्ये ज्यूरीनं त्यांना ४ कोटी २० लाख डॉलर भरपाई ठरवली. कंपनीकडून. सरकारवर दावा चालतच नाही.

आणि तुमच्या बाजूचंही सांगते, म्हणजे एकतर्फी वाटायला नको. केनियाच्या त्या तडजोडीत नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांनी वेगळा दावा केला. तो २०१८ मध्ये त्याच उच्च न्यायालयात फेटाळला गेला. इतक्या वर्षांनी न्याय्य सुनावणी होऊ शकत नाही, असं त्या न्यायमूर्तींचं मत पडलं.

(पुढच्या अंकात मृत्युपत्र आणि वारसा. प्रश्न थोडक्यात पाठवा, आणि मूळ कागद पाठवू नका, प्रती पाठवा.)